जुळे सोलापुरातला युद्धखेळाचा वर्ग: दोन दिवस, तीन डाव

पुतणी यंदा बारावीला आहे आणि एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, प्रवेशाची तयारी करते. मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून मुलींची पहिली तुकडी पास होऊन बाहेर पडली, सतरा जणी, तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. या वर्गाची जाहिरात तिनंच मला दाखवली. शनिवार-रविवार, सकाळी नऊ ते पाच, विषय ‘नेटवर्कच्या काळातलं युद्ध आणि हुकमत’, फी माणशी बाराशे, जेवण धरून. म्हणाली, “काका, तुमचाच विषय हाय की ओ. चला की.”

विषय माझा खरा. मी सिग्नल कोअरमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली. जबलपूरला ट्रेनिंग झालं, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आमच्या कोअरचं ब्रीद ‘तीव्र चौकस’. काम एकच, एकाचा हुकूम दुसऱ्यापर्यंत वेळेत आणि अचूक पोचवणं. आधी टेलिफोनची लाईन आणि वायरलेस सेट, शेवटी शेवटी कॉम्प्युटर. पण पोचवलेल्या हुकमाचं पुढं काय होतं, तो द्यायला हवा होता की नव्हता, हा विचार करायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. ती या वर्गात आली. म्हणून सविस्तर लिहितो.

वर्ग चालवणारे पायदळातले निवृत्त कर्नल आहेत. नाव छापलेलं त्यांना आवडत नाही, म्हणून देत नाही. जुळे सोलापुरात भरतीची तयारी करणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, पत्ता सांगेल. जागा दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. चोवीस जणांची तुकडी. आमच्यात एनडीए आणि सीडीएस या परीक्षांची तयारी करणारी मुलं जास्त, पण एक बँकेतले गृहस्थ होते, दोन शिक्षिका होत्या, एक यंत्रमागवाले होते आणि मी.

आत शिरल्याबरोबर माझं लक्ष गेलं ते टेबलाकडं. फौजेत जमिनीचे चढउतार दाखवणारं सँड मॉडेल वाळूचं करतात. इथं चार टेबलं जोडून त्यावर टॉवेलांच्या घड्या रचलेल्या आणि वरून हिरवी सोलापुरी चादर उलटी अंथरलेली, मोराची नक्षी खाली जाईल अशी. घड्या जिथं उंच तिथं टेकाड, दोन घड्यांमध्ये नाला. निळी फीत म्हणजे नदी. माझे वडील मागावर होते, त्यामुळे हात आपोआप चादरीच्या काठावर गेला. जुनी, खूप धुतलेली, म्हणूनच टेकाडांवर नीट बसलेली. नकाशा हत्तरसंग कुडलचा होता, भीमा-सीनेच्या संगमाचा. बहुतेकांनी ती जागा पाहिलेली. शत्रू काल्पनिक, पण पाणी, काठ आणि गाव ओळखीचं. कुठल्या तरी परक्या देशाचा नकाशा टांगण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

पहिला डाव असा. वरच्या मजल्यावर मुख्यालय, भिंतीवर मोठा टीव्ही. खालच्या मजल्यावर तीन टेबलं, तीन कंपन्या, म्हणजे फौजेच्या तुकड्या. प्रत्येक कंपनीला फक्त स्वतःपुरता नकाशा. शत्रूपक्षाला कर्नलसाहेबांचे दोन जुने विद्यार्थी, वेगळ्या खोलीत. पंच स्वतः साहेब. सगळ्यांकडं मोबाइल, नेटवर्क भरपूर, टीव्हीवर तिन्ही कंपन्या क्षणाक्षणाला कुठं आहेत ते दिसतंय, फोटो येतायत. ब्रिगेडियरच्या खुर्चीत मला बसवलं. काम, खेळाच्या घड्याळात दुपारी दोनच्या आत नदी ओलांडणं.

डाव संपल्यावर प्रत्येकाला संदेशांची छापील यादी देतात. माझी यादी मी घरी आणून ठेवली आहे. चाळीस मिनिटांत मी त्रेपन्न संदेश पाठवले होते. त्यातला एक तुकडा जसाच्या तसा देतो. कंपनी दोन म्हणजे माझी पुतणी.

१०.४२, कंपनी दोन: पाणी उथळ आहे, पलीकडं कोणी नाही. जाऊ का?
१०.४३, मुख्यालय: थांबा. फोटो पाठवा.
१०.४६, कंपनी दोन: फोटो पाठवला.
१०.४७, मुख्यालय: डावीकडचाही पाठवा.
१०.५०, कंपनी दोन: पाठवला. जाऊ का?
१०.५३, मुख्यालय: जा.
१०.५३, कंपनी दोन: आता शत्रू आला.

अकरा मिनिटं. खेळाच्या हिशोबानं एका मिनिटाची दहा, म्हणजे जवळजवळ दोन तास. आणि यात बिघडलं काहीच नव्हतं. सेट चालू, बॅटरी भरलेली, एकही संदेश हरवला नाही. मी आयुष्यभर धरून चाललो होतो की दळणवळण शाबूत असलं की अर्धी लढाई जिंकली. इथं दळणवळण शाबूत होतं म्हणूनच ती मुलगी काठावर उभी राहिली. मला सगळं दिसत होतं, म्हणून मला सगळं विचारावंसं वाटलं. आणि तिला विचारता येत होतं, म्हणून तिनं विचारलं.

यानंतर कर्नलसाहेब तासभर बोलले. तो या वर्गातला सर्वांत कसदार तास. त्यांनी सुरुवात केली १९९८ पासून. त्या वर्षी अमेरिकी नौदलाचे व्हाइस अॅडमिरल आर्थर सेब्रोव्स्की आणि त्यांचे सहकारी जॉन गार्स्टका यांनी लेख लिहून नेटवर्क-केंद्रित युद्धाची कल्पना मांडली. बघणारा, ठरवणारा आणि मारा करणारा एका जाळ्यात जोडला की सगळ्यांसमोर एकच चित्र राहतं, आणि मग खालच्या तुकड्या वरून हुकूम यायची वाट न बघता आपापसात मेळ घालू शकतात. साहेबांचं म्हणणं असं की लोकांनी यातलं पहिलं अर्धं वाक्य विकत घेतलं. पडदे आले, दुवे आले. दुसऱ्या अर्ध्याला पैसे लागत नाहीत, पण वरच्या माणसाला हात आवरावा लागतो, म्हणून ते राहून गेलं.

मग ते मागं गेले. १८०६ मध्ये येनाला नेपोलियननं प्रशियाचा धुव्वा उडवला. त्यानंतरच्या सुधारणांतून आणि पुढं सेनाप्रमुख मोल्टकेच्या काळात तिथं एक रीत मुरत गेली: खालच्याला काय साधायचं आणि का ते सांगायचं, कसं करायचं ते त्याच्यावर सोडायचं. लक्षात घ्या, मोल्टकेच्या काळात तार आलेली होती, रेल्वे आलेली होती. म्हणजे साधन नव्हतं म्हणून मोकळीक दिली असं नाही. साधन असतानाही दिली.

आणि मग मेघना नदी. १९७१, डिसेंबर, बांगलादेशचं युद्ध. चौथ्या कोअरचे लेफ्टनंट जनरल सगत सिंग मेघनेच्या पूर्व काठावर पोचले. आशुगंजचा रेल्वेपूल पाकिस्तानी सैन्यानं ९ डिसेंबरला उडवला. नदी अवाढव्य, पूल नाही, आणि पलीकडं जाऊन ढाका गाठा असा स्पष्ट हुकूमही त्यांना नव्हता. पण युद्ध कशासाठी चाललंय हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ग्रुप कॅप्टन चंदन सिंगांची एमआय-४ हेलिकॉप्टरं घेतली आणि त्याच दिवसापासून माणसं पलीकडं उतरवायला सुरुवात केली. सात दिवसांत ढाका पडलं. साहेबांनी चादरीवर निळी फीत रुंद केली, हातातल्या काड्यापेटीनं उड्डाणं दाखवली आणि विचारलं, “त्या दिवशी या जनरलच्या वरिष्ठांसमोर आजच्यासारखा थेट दिसणारा पडदा असता, तर पलीकडं जायची परवानगी किती दिवसांनी मिळाली असती?” खोलीत कोणी बोललं नाही. माझ्या हातात ती त्रेपन्न संदेशांची यादी होती.

जेवण चांगलं. कडक भाकरी, शेंगा चटणी, डाळ, दही. बाराशेत जेवणासकट एवढं कोणी देत नाही.

दुसरा डाव दुपारी. नेटवर्क तेवढंच भरपूर, टीव्ही तोच. फरक दोनच. डाव सुरू व्हायच्या आधी मी एकदाच हुकूम लिहून द्यायचा, आणि डाव चालू असताना मुख्यालयानं फक्त तीनदा बोलायचं. मी हुकूम लिहिला, बावीस ओळींचा. कोणी कुठून जायचं, किती वाजता कुठं असायचं, सगळं. साहेबांनी तो वाचला आणि समासात एकच शब्द लिहिला, ‘का?’ बावीस ओळींत नदी का ओलांडायची हे कुठंच नव्हतं. पुन्हा लिहायला अर्धा तास लागला. शेवटी उरलं ते एवढं: ‘दोनपर्यंत पलीकडचं टेकाड आपल्या हातात हवं, कारण संध्याकाळी त्याच्या आडोशानं पुलाचं सामान येणार आहे. गावाला धक्का लागू द्यायचा नाही. जो आधी पोचेल, बाकीच्यांनी त्याच्या मागं जायचं. मी बोललो नाही तर यावरच चालायचं.’

डाव सुरू झाल्यावर कंपनी तीन चुकली. बँकेतले गृहस्थ होते तिच्यावर. त्यांनी वरच्या बाजूनं माणसं पाण्यात घातली, तिथं शत्रू होता. मला टीव्हीवर ते सात मिनिटं आधी दिसत होतं. बोट फोनवर होतं. साहेब मागं उभे होते, हळूच म्हणाले, “सुभेदार साहेब, त्यांना बघू द्या.” मी थांबलो. तो सर्वांत कठीण वेळ होता माझ्यासाठी. कंपनी तीनचं नुकसान झालं. पण शत्रू वर अडकलाय हे कंपनी एकच्या मुलांना त्यांच्या फोनवर दिसलं, त्यांनी कंपनी दोनला कळवलं आणि दोघांनी मिळून खालच्या उथळ जागेतून नदी पार केली. दीड वाजता टेकाड हातात. मी तीनपैकी एकच संदेश वापरला होता, तोही जखमींसाठी. यादीत पाहिलं तर मुख्यालयाकडं आलेले संदेश नऊ, आणि कंपन्यांचे आपापसातले एकतीस. पहिल्या डावात आपापसातले चार होते. नेटवर्क तेच, पण आता ते आडवं चाललं होतं.

नंतरच्या चर्चेत साहेबांनी बँकवाल्या गृहस्थांना आधी काय विचारलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘असं का केलंत’ असं नाही. त्यांनी विचारलं, “तुम्हाला त्या वेळी काय दिसत होतं?” त्यांना जे दिसत होतं त्यावरून तो निर्णय वाईट नव्हता, हे सगळ्यांना पटलं. चूक बोलून झाली, संपली.

इथं मला एक जुनी गोष्ट आठवली आणि मी ती वर्गात सांगितली. बर्फातली एक पोस्ट. जागा आणि युनिट लिहीत नाही. रात्री लाईन तुटली, सेटही लागेना. एका जवानाच्या छातीत पाणी भरत होतं. पोस्ट सांभाळणारा नायक हुद्द्याचा जवान होता, त्यानं कोणाला विचारायचं? त्यानं चार जण घेतले आणि अंधारात त्याला खाली आणलं. जवान वाचला. आठवड्यानं त्या नायकाला वरिष्ठांसमोर उभं केलं, हुकूम नसताना पोस्टवरची माणसं कमी केली म्हणून. ठपका बसला. मी तेव्हा सिग्नल सेंटरवर होतो, तो कागद माझ्याच हातून गेला. त्यानंतर त्या पोस्टवरून विचारल्याशिवाय पाण्याचा जेरिकॅनसुद्धा कोणी हलवला नाही. दिवसाला दोन संदेश यायचे तिथं आठ-दहा यायला लागले. तेव्हा मला वाटलं होतं, चला, पोस्ट शिस्तीत आली.

सांगून झाल्यावर साहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले की मोकळीक द्यायचा हुकूम काढणं सोपं आहे, ती खरी आहे की नाही हे लोक पहिल्या चुकीनंतर ठरवतात.

रविवारी तिसरा डाव. आता नियम बदलला. फोन वापरता येईल, पण दर वापराला शत्रूच्या पाटावर त्या जागी एक लाल मणी पडेल. म्हणजे बोललात की जागा कळली. त्याआधी साहेबांनी तीन उदाहरणं दिली. २०१८ च्या जानेवारीत लोकांच्या लक्षात आलं की स्ट्राव्हा या पळायच्या अॅपच्या नकाशावर निर्जन मुलखातले लष्करी तळ उजळून दिसतायत, कारण सैनिक घड्याळ लावून धावत होते. आणि माकीव्का, युक्रेनमधलं रशियाच्या ताब्यातलं शहर. १ जानेवारी २०२३ ला नवीन वर्षाच्या पहिल्या मिनिटांत तिथल्या रशियन सैनिकांच्या इमारतीवर युक्रेनचा मारा झाला. रशियानंच मान्य केलेला आकडा ८९ मृतांचा, आणि कारण सांगितलं ते सैनिकांनी बंदी असताना वापरलेल्या मोबाइलचं. एकोणनव्वद घरं. आपल्याकडं २०२० च्या जुलैत सैनिकांना ८९ अॅप काढायला सांगितली, तेव्हा माझ्या ओळखीतल्या पोरांनी कुरकूर केली होती. त्या सगळ्यांना हा तास ऐकवायला हवा.

तिसऱ्या उदाहरणावर मुलं सरसावून बसली. २००२ साली अमेरिकेनं मिलेनियम चॅलेंज नावाचा प्रचंड युद्धखेळ घेतला. शत्रूपक्षाला निवृत्त लेफ्टनंट जनरल पॉल व्हॅन रायपर. समोरच्याकडं नेटवर्क, पाळत, सगळं. रायपरनी रेडिओ वापरलाच नाही. निरोप मोटारसायकलवरून पाठवले आणि अचानक एकदम मारा करून खेळातली सोळा जहाजं बुडवली. मग जहाजं पुन्हा तरंगवून खेळ पुढं चालवला गेला. आमच्या सिग्नलमध्ये मोटारसायकलवरून निरोप नेणाऱ्या डीआरला, म्हणजे डिस्पॅच रायडरला, शेवटी शेवटी कोणी विचारत नव्हतं. मी मान ताठ करून ऐकत होतो.

आमच्या डावात चिठ्ठ्या नेणारा म्हणजे यंत्रमागवाल्यांचा मुलगा, सातवीतला. जिन्यावरून वर-खाली. पुतणीनं तिच्या टेबलाला एक नियम घालून दिला, ‘ठरल्याप्रमाणं चाललंय तोवर कोणी बोलायचं नाही, बिघडलं तरच बोलायचं.’ तिच्या जागी पूर्ण डावात दोन मणी पडले. माझ्या जागी सहा, आणि सहाव्यानंतर माझं मुख्यालय उडवलं. हुकमात ‘मी बोललो नाही तर यावरच चालायचं’ ही ओळ होती, म्हणून खालच्या कंपन्या चालत राहिल्या. टेकाड अडीचला मिळालं. अर्धा तास उशीर, पण मिळालं.

मला त्या वेळी आमच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा डोळ्यासमोर आली. जानेवारीत सात नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली गर्दी एवढी असते की माझा फोन लागत नाही, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तरी कुठली काठी कुणाच्या मागं, कुठं थांबायचं, खांदा कोणी बदलायचा, काही चुकत नाही. लहानपणापासून बघत आलोय, पण हुकमाच्या बाजूनं कधी बघितलं नव्हतं. तिथं सगळ्यांना जायचंय कुठं ते माहीत असतं आणि शेजारच्यावर विश्वास असतो. तो विश्वास यात्रेच्या दिवशी तयार होत नाही, काठीचा सराव आधी कित्येक दिवस चाललेला असतो.

आता जे कमी पडलं ते.

सर्वांत मोठी गोष्ट, तिन्ही डावांत सुभेदाराची खुर्चीच नव्हती. ब्रिगेडियर होता, कंपनी कमांडर होते, मधला माणूस नाही. प्रत्यक्षात पंचवीस वर्षांच्या तरुण अधिकाऱ्यानं स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घ्यायचा तर त्याच्या बाजूला वीस-बावीस वर्षं नोकरी झालेला जेसीओ, म्हणजे सुभेदार किंवा नायब सुभेदार, असतो. तो म्हणतो, “साहेब, हे होईल,” किंवा “साहेब, सकाळपर्यंत थांबा.” खाली अधिकार द्यायचा म्हणजे नायक-हवालदारापर्यंत द्यायचा, फक्त कॅप्टनपर्यंत नाही. तिथंच फौजेची सवय बदलणं सर्वांत अवघड आहे, आणि वर्ग तिथपर्यंत पोचतच नाही.

दुसरं, तिन्ही दलांच्या संयुक्त कमांडचा भाग रविवारी शेवटच्या चाळीस मिनिटांत उरकला. २००१ ची अंदमान-निकोबार कमांड, १ जानेवारी २०२० ला जनरल बिपिन रावत पहिले चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ (सीडीएस) झाले ते, आणि २०२३ चा आंतर-सेवा संघटनांचा कायदा, सगळं भरभर. खरं तर तो कायदाच मला समजून घ्यायचा होता. लष्कराचा आणि हवाई दलाचा कायदा १९५० चा, नौदलाचा १९५७ चा. संयुक्त ठिकाणच्या प्रमुखाला दुसऱ्या दलाच्या माणसावर शिस्तीची कारवाई करायची तर प्रकरण त्या माणसाच्या दलाकडं जायचं. मे २०२४ पासून नवा कायदा लागू झाला आणि तो अधिकार जागेवरच्या प्रमुखाला मिळाला. तीन दलांचे संगणक जोडणं वेगळं आणि तीन दलांची माणसं एका माणसाचं ऐकणं वेगळं. मे २०२५ मध्ये हवाई दलाची आयएसीसीएस आणि लष्कराची आकाशतीर या हवाई संरक्षणाच्या यंत्रणा एकमेकींना जोडून चालल्या. त्या पडद्यांमागं बसलेल्या वेगवेगळ्या गणवेशांतल्या माणसांवर अर्धा दिवस द्यायला हवा.

तिसरं, पडद्यावरचा मजकूर सगळा इंग्रजीत. साहेब बोलतात उत्तम मराठीत, मग दाखवायचं इंग्रजीत कशाला? खेड्यातून आलेली दोन मुलं वहीत नुसती चित्रं उतरवत होती.

किरकोळ: दोन कूलरपैकी एक बंद होता, एप्रिलच्या दुपारी ते चालत नाही. प्यायचं पाणी खालच्या मजल्यावर. गाड्या लावायला जागा नाही, रिक्षानं या.

पाचपैकी चार. भरतीची तयारी करणाऱ्यांनी जावंच, पण मी म्हणेन ज्यांच्या हाताखाली दहा माणसं आहेत अशा कुणीही जावं, आणि पहिल्या डावात वरची खुर्ची मागून घ्यावी.

सुभेदाराच्या खुर्चीचं मी साहेबांना निघताना बोललो. त्यांनी वहीत टिपून घेतलं. बुधवारी फोन आला: पुढच्या तुकडीत तिन्ही टेबलांवर एकेक जेसीओ बसवायचाय, दोन माणसं आणखी शोधा. एक मिळालाय, अक्कलकोट रस्त्याला राहतो, तोफखान्यातला. तिसरा हवाय. सोलापुरात कोणी निवृत्त सुभेदार किंवा नायब सुभेदार हे वाचत असतील तर वर्गावर जाऊन नाव द्या. मी कंपनी दोनच्या टेबलावर बसणार आहे.